संधिवात झालेल्या कुत्र्याचा व्यायाम: सुरुवात कुठून करायची

सकाळी उठल्यावर बंडू जी पहिली १० पावलं टाकतो, ती मी रोज बघते. बंडू आमचा ११ वर्षांचा लॅब्रेडॉर, दोन्ही खुब्यांत संधिवात. ती १० पावलं मोकळी पडली तर आदल्या दिवशीचा व्यायाम त्याला मानवला. मागचे पाय आखडलेले आणि पाठ कमानीसारखी दिसली तर आदल्या दिवशी मी जास्त करून घेतला. संधिवाताच्या कुत्र्याचा व्यायाम औषधाच्या डोससारखा ठरवावा लागतो, आणि डोस बरोबर होता का ते दुसऱ्या दिवशीची सकाळ सांगते.

हे कळायला आम्हाला दोन वर्षं लागली. बंडू उठताना कुरकुरायला लागला तेव्हा घरात सगळ्यांचं एकच मत पडलं: वय झालंय, पडू दे त्याला. मग आठवडाभर तो पंख्याखाली पडून असायचा, आणि रविवारी आम्हाला सवड मिळाली की टेकडीवर न्यायचो. तो शेपूट हलवत चढायचा आणि सोमवारी त्याच्याने उठवत नसे. सहा दिवस बसवून ठेवणं चूक होतं आणि सातव्या दिवशी दमवणंही चूक होतं. बाहेर निघाल्याच्या आनंदात कुत्रा दुखणं विसरतो, त्यामुळे फिरतानाचा उत्साह पाहून काही ठरवू नका.

तुमच्या कुत्र्याचं निदान नुकतंच झालं असेल, डॉक्टरांनी "थोडं थोडं चालवा" एवढंच सांगितलं असेल आणि थोडं म्हणजे किती हे कळत नसेल, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे.

सांध्यात नेमकं काय होतं

हाडांच्या टोकांवर कूर्चेचं गुळगुळीत आवरण असतं. त्यात रक्तवाहिन्या नसतात. सांधा हलतो, त्यावर दाब येतो आणि सुटतो, तसा सांध्यातला द्रव कूर्चेत आत-बाहेर होतो आणि तिचं पोषण होतं. संधिवातात ही कूर्चा झिजते, सांध्याचं अस्तर सुजतं, कडेला हाडाचे काटे वाढतात. झिजलेली कूर्चा व्यायामाने परत येत नाही, हे आधीच समजून घेतलेलं बरं. पण दुखतं म्हणून कुत्रा पाय कमी वापरतो, न वापरल्याने मांडी सुकते, मांडी सुकली की सांध्याचा आधार जातो आणि तो आणखी दुखतो. हे चक्र स्नायूंच्या बाजूने तोडता येतं. आपला सगळा खटाटोप त्यासाठी.

कुत्र्यांमध्ये संधिवाताचं मूळ बहुतेक वेळा नुसत्या वयात नसतं. खुब्याची खोबण वाढीच्या वयातच उथळ राहिलेली असते, कोपराची वाढ सदोष असते, गुडघ्यातला लिगामेंट तुटलेला असतो, लहान जातींत गुडघ्याची वाटी सरकत असते. रस्त्यावरून घरी आणलेल्या देशी कुत्र्याचा पाय कधीतरी गाडीखाली आलेला असतो. म्हणून पाच-सहा वर्षांच्या कुत्र्यालाही हा त्रास होतो. आणि म्हणूनच "संधिवात आहे" एवढं ऐकून घरी येऊ नका. कोणत्या सांध्यात आहे ते विचारा. कुत्रा शरीराचं साधारण ६० टक्के वजन पुढच्या पायांवर पेलतो. कोपर दुखणाऱ्या कुत्र्याला जे करू नये, ते खुबा दुखणाऱ्याला चालू शकतं.

पहिली पायरी: दुखणं आटोक्यात आणा

प्रत्येक लंगडणं संधिवाताचं नसतं. आपल्याकडे गोचिडांमुळे होणाऱ्या तापात सांधे सुजून कुत्रा लंगडतो, आणि त्यावरचं औषध अगदी वेगळं असतं. मोठ्या जातींत हाडाचा कॅन्सर सुरुवातीला साध्या लंगडण्यासारखाच दिसतो. मणक्याची चकती सरकली तरी मागचे पाय लटपटतात. त्यामुळे तपासणी, एक्स-रे आणि रक्ताच्या चाचण्या आधी. गावातल्या दवाखान्यात सोय नसेल तर पशुवैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत जाता येतं: मुंबईत परळला, जिथलं महाविद्यालय १८८६ पासून आहे, शिवाय नागपूर, शिरवळ, परभणी, उदगीर इथे.

एक्स-रे बघून घाबरू नका. फोटोत भयंकर दिसणारा सांधा असलेला कुत्रा बरा चालतो, आणि फोटोत किरकोळ बदल असलेला कळवळतो, असं पुष्कळदा होतं. डॉक्टर चाल बघतात, सांधा हातात धरून हलवून बघतात, आणि त्या तपासणीचं महत्त्व फोटोइतकंच आहे.

वेदनाशामक औषध लागणार असेल तर ते सुरू होऊन परिणाम दिसेपर्यंत व्यायाम वाढवू नका. दुखत असताना कुत्रा दुखरा पाय वाचवून बाकीच्या तीन पायांवर व्यायाम करतो. ज्या मांडीसाठी आपण धडपडतो ती तशीच सुकलेली राहते. कुत्र्यांसाठीच्या कार्प्रोफेन किंवा मेलॉक्सिकॅमसारख्या गोळ्या डॉक्टरच वजनावर ठरवतात आणि मधूनमधून यकृत-मूत्रपिंडाची रक्ततपासणी करायला सांगतात. ती टाळू नका.

घरातली आपली गोळी त्याला कधीही देऊ नका. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांनी कुत्र्याच्या पोटात व्रण पडतात, मूत्रपिंड निकामी होतात. गुडघ्याला बाम चोळणारी मायाळू माणसं मी पाहिली आहेत. कुत्रा तो बाम चाटतो, आणि त्यातला कापूर व विंटरग्रीनचं तेल पोटात जाणं त्याला विषारी असतं.

दुसरी पायरी: फरशी

व्यायामाच्या लेखात फरशी कशाला, असं वाटेल. पण आपल्या घरांतल्या व्हिट्रिफाइड टाइल्स आणि पॉलिश केलेला ग्रॅनाइट हे संधिवाताच्या कुत्र्याचे मोठे शत्रू आहेत. उठताना मागचा पाय बाजूला घसरला की मांडीच्या आतले स्नायू ताणले जातात, आणि महिनाभराची कमाई एका घसरण्यात जाते. दारावरची बेल वाजली, दिवाळीत फटाका फुटला आणि तो दचकून उठला की हे हमखास होतं.

त्याची झोपायची जागा, पाण्याचं भांडं, दार आणि बाल्कनी, एवढ्या वाटेवर पट्टे टाका. योगा मॅट उत्तम. सतरंजी टाकलीत तर खाली रबराची जाळी हवी, नाहीतर सतरंजीच त्याला घेऊन सरकेल. पंजांच्या गाद्यांमधले केस कापा. नखं वाढून फरशीवर टकटक वाजत असतील तर तीही कापा. लांब नखांनी पंजा मागे कलतो आणि सगळ्या सांध्यांवरचा भार बदलतो. झोपायला जाड गादी द्या; गार फरशीवर रात्र काढलेला सांधा सकाळी आखडतोच.

लिफ्ट नसलेल्या इमारतीत राहत असाल तर जिना हा तुमचा रोजचा प्रश्न. चढताना मागच्या पायांवर जोर येतो, उतरताना पुढच्या. मागचे पाय दुखत असतील तर चढताना पोटाखालून टॉवेल घालून आधार द्या. कोपर किंवा खांदा दुखत असेल तर उतरताना छातीच्या हार्नेसला वरून धरून ठेवा. एका दमात मजले संपवू नका, प्रत्येक वळणावर थांबा.

तिसरी पायरी: वजन

वजन जास्त असेल तर खालच्या कोणत्याही व्यायामापेक्षा ते कमी केल्याचा फायदा मोठा असतो, हे मी ठामपणे सांगते. अमेरिकेत ४८ लॅब्रेडॉर कुत्र्यांवर जन्मभर चाललेल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. कुत्र्यांच्या जोड्या लावून प्रत्येक जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी अन्न दिलं होतं. कमी खाणाऱ्यांचं मध्यक आयुष्य (म्हणजे निम्मे कुत्रे ज्या वयापलीकडे जगले ते) १३ वर्षं भरलं, जास्त खाणाऱ्यांचं ११.२. कमी खाणाऱ्यांना संधिवातही उशिरा झाला.

वजन बरोबर आहे का ते हाताने कळतं. आपल्या हाताची मूठ वळून बोटांच्या पेरांवरून दुसरा हात फिरवा: बरगड्या अशा लागल्या तर कुत्रा बारीक आहे. बोटं सरळ करून हाताच्या पाठीवरून फिरवा: असं लागलं तर ठीक. तळहातासारखं मऊ लागलं आणि बरगड्या शोधाव्या लागल्या तर तो जाड आहे. घरच्या काट्यावर आधी त्याला उचलून आणि मग एकट्याने उभं राहून वजाबाकी करा. कुत्रा मोठा असेल तर दवाखान्यातला काटा वापरा. आठवड्याला शरीराच्या वजनाच्या १ ते २ टक्के घट पुरे, त्याहून घाई नको. व्यायाम करून घेताना खाऊ लागतोच, तो बिस्किटांऐवजी काकडी, गाजर, वाफवलेली फरसबी यांचे तुकडे करून द्या. आजी-आजोबांच्या ताटातून गुपचूप जाणारी तुपाची पोळीही हिशोबात धरा. आमच्याकडे तीन किलो तिथेच होते.

चौथी पायरी: एक वही

व्यायाम सुरू करण्याआधी आठवडाभर फक्त नोंद ठेवा. सकाळची पहिली १० पावलं कशी होती, उठायला किती वेळ लागला, किती मिनिटं चालल्यावर मागे पडायला लागला, शी करताना वाकून बसता येतं का, सोफ्यावर चढताना थांबला का, कोणता सांधा चाटतोय. तारखेपुढे दोन ओळी पुरतात.

मोबाइलवर तीन व्हिडिओ काढून ठेवा: समोरून, मागून आणि बाजूने चालताना. पुढचा पाय दुखत असेल तर तो पाय टेकताना डोकं वर जातं आणि चांगला पाय टेकताना खाली येतं. मागचा दुखत असेल तर त्या बाजूचा खुबा जास्त वर-खाली होतो. दोन्ही मागचे पाय सशासारखे एकदम उडवत पळत असेल तर खुब्यांकडे लक्ष द्या. शिंप्याच्या टेपने मांडीचा घेरही मोजा: कुत्रा चारही पायांवर उभा असताना, दोन्ही बाजूंना, प्रत्येक वेळी त्याच उंचीवर. महिन्याने हीच मापं पुन्हा घ्यायची आहेत.

पाचवी पायरी: चालणं

एकच व्यायाम करायची ताकद आणि वेळ असेल तर हाच करा.

नोंदवहीतून तुम्हाला कळलंच असेल की तो साधारण किती मिनिटांनी मंदावतो किंवा लंगडायला लागतो. समजा १५ मिनिटांनी. तर सुरुवात १० मिनिटांपासून करा, आणि ती १० मिनिटं दिवसातून दोन-तीनदा. पाचव्या मिनिटालाच लंगडत असेल तर तीन-तीन मिनिटं, चार वेळा. एकदाच अर्धा तास चालवण्यापेक्षा तीन वेळा दहा मिनिटं केव्हाही चांगली, कारण सांधा दिवसभर अधूनमधून हलता राहतो आणि एका वेळी थकत नाही. आठवडाभर सकाळ मोकळी गेली की साधारण दहा टक्के वाढवा. १० ची ११ मिनिटं. हे फार थोडं वाटतं, पण तीन महिन्यांत त्याचं चालणं तिपटीजवळ जातं.

एखादी सकाळ आखडलेली गेली तर त्या दिवशीचं चालणं निम्मं करा. पूर्ण बंद करू नका. दोन दिवस निम्मं ठेवून, सकाळ सुधारली की आधीच्या आठवड्याच्या मापावर जा. दोन-तीन दिवसांत सुधारली नाही तर डॉक्टरांना फोन.

वेग मुद्दाम सावकाश ठेवा. सावकाश चालीत कुत्रा चारही पाय एकेक करून टेकतो, त्यामुळे दुखऱ्या पायालाही आपला वाटा उचलावा लागतो. वेग वाढला की तो दुखरा पाय हलकेच उचलून धरतो आणि तीन पायांवर भागवतो. फरशीवर पंजांचा आवाज ऐका: एक, दोन, तीन, चार असे चार वेगळे ठोके आले तर वेग बरोबर आहे. आम्हाला हा वेग पकडायला आठवडा गेला, कारण बंडूला ओढायची सवय होती. गळ्याच्या पट्ट्याऐवजी छातीचा हार्नेस आणि आखूड दोरी घेतली, तो ओढायला लागला की मी उभी राहायचे, दोरी ढिली झाली की पुढे. पहिली दोन मिनिटं त्याला झाडं हुंगू देते, मग सलग चाल, शेवटी पुन्हा हुंगणं. वास घेणं हा त्याच्या दिवसातला सगळ्यात मोठा आनंद आहे, तो व्यायामाच्या नावाखाली काढून घेऊ नका.

जमीन मऊ पण घट्ट हवी. गवत, मैदानातली माती, धावपट्टी उत्तम. समुद्रकिनारी राहत असाल तर ओल्या, पाय न रुतणाऱ्या वाळूवर चालवा. कोरड्या भुसभुशीत वाळूत प्रत्येक पाऊल खोल जातं आणि सांधे वेडेवाकडे वळतात. मार्च ते मे सकाळी लवकर आणि दिवेलागणीनंतरच बाहेर काढा. डांबरावर हाताची पाठ सात सेकंद टेकवता येत नसेल तर त्याचे पंजेही भाजणार. लॅब्रेडॉरसारख्या जातींना ऊन लवकर लागतं, आणि म्हाताऱ्या, जाड कुत्र्याला तर फारच.

चढ हा मागच्या पायांसाठी छान व्यायाम आहे, पण सपाटीवर पंधरा-वीस मिनिटं सहज चालायला लागल्यावरच. पार्किंगचा हलका उतार पुरतो. वर जाताना मागच्या मांड्या काम करतात. कोपराचा संधिवात असेल तर उतार टाळा, कारण खाली येताना भार पुढे जातो.

सहावी पायरी: शेक आणि हात

व्यायामाच्या आधी गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून दुखऱ्या सांध्यावर १० ते १५ मिनिटं ठेवा. आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला आधी लावून बघा. तिथे सुखद वाटली तरच त्याला लावा. सांधा लाल, गरम, ताजा सुजलेला असेल तर शेक द्यायचा नाही. जास्त व्यायाम झाल्याचं वाटलं तर नंतर बर्फाची पिशवी, तीही कपड्यातून, तेवढाच वेळ.

शेकानंतर तळहाताने मांडीवर, पाठीवर, खांद्यावर केसांच्या दिशेने सावकाश हात फिरवा. हाडावर आणि सांध्यावर दाबू नका, मांसल भागावरच. तेल लावायची गरज नाही.

मग तो कुशीवर आरामात पडला असेल तर सांधे हलवून देता येतात. हा प्रकार आधी डॉक्टरांकडून किंवा प्राण्यांच्या फिजिओथेरपिस्टकडून समोर करून घ्या. एक हात सांध्याच्या वर, एक खाली, पायाचं वजन आपल्या हातांत. सावकाश दुमडायचं, किंचित अडतंय असं वाटलं की तिथेच थांबायचं, सावकाश सरळ करायचं. दहा वेळा, दिवसातून दोनदा. अडतंय त्याच्या पुढे ढकलायचं नाही. त्याने मान वळवून तुमच्या हाताकडे बघितलं, ओठ चाटले, श्वास रोखला, पाय ताठ केला, तर तो नको म्हणतोय. कुत्रा गुरगुरण्याआधी पाच-सहा वेळा नम्रपणे सांगतो, तेव्हाच ऐका.

सातवी पायरी: घरातले व्यायाम

चालणं दोन-तीन आठवडे नीट बसल्यावर यातला एक सुरू करा. आठवड्याने दुसरा. सगळे एकदम सुरू केले तर कोणता मानवला नाही ते सकाळ सांगू शकणार नाही.

*वजन इकडून तिकडे.* सगळ्यात सोपा, म्हणून आधी हा. कुत्रा मॅटवर चौरस उभा. त्याच्या खुब्याला तळहात लावून हलकेच एका बाजूला ढकला, इतकंच की त्याला पाय न हलवता तोल सावरावा लागेल. पाच सेकंद, मग सोडा, मग दुसऱ्या बाजूने. प्रत्येक बाजूला पाच वेळा. हे जमलं की पुढचा एक पंजा हातात धरून पाच ते दहा सेकंद उचला, "शेकहँड"सारखा, पण त्याला उभं ठेवून. मागच्या पायांवर वजन सरकतं.

*उठबस.* खुबा आणि गुडघ्याच्या कुत्र्यांसाठी हा मला सगळ्यात मोलाचा वाटतो. "बस", मग "ऊठ", खाऊ. सोपं दिसतं, पण बघा तो कसा बसतो: एक पाय बाहेर टाकून, एका कुल्ल्यावर कलून बसत असेल तर तो दुखरा पाय वाचवतोय. दुखरी बाजू भिंतीला लागेल असं त्याला भिंतीजवळ घ्या, म्हणजे पाय बाहेर टाकायला जागा राहत नाही. पूर्ण खाली बसणं जड जात असेल तर मागे लाकडी पाट किंवा घट्ट उशी ठेवून त्यावर बसवा. उंचावरून उठायला जोर कमी लागतो. तीन वेळांपासून सुरुवात, हळूहळू दहा. पाट काढून फरशीवरच्या मॅटवर बसता यायला बंडूला सहा आठवडे लागले. ज्या दिवशी तो दोन्ही मागचे पाय अंगाखाली घेऊन सरळ बसला त्या दिवशी मी त्याला मिठी मारून रडले.

*खाऊमागे मान.* उभा असताना खाऊचा तुकडा नाकासमोरून खांद्याकडे, मग खुब्याकडे, मग पुढच्या पायांमध्ये खाली न्या. प्रत्येक ठिकाणी पाच सेकंद चाटू द्या. पाय जागचे हलू देऊ नका. दोन्ही बाजूंना तीनदा. पाठ आणि मानेचा ताण सुटतो. दुखरे पाय वाचवताना पाठ फार आखडलेली असते.

*दांड्यांवरून चालणं.* चार-पाच झाडूचे दांडे, बांबू किंवा पीव्हीसी पाइप जमिनीवर समांतर मांडा. दोन दांड्यांमधलं अंतर साधारण कुत्र्याच्या खांद्यापर्यंतच्या उंचीएवढं. दोरीने धरून सावकाश त्यांवरून न्या, तीन-चार फेऱ्या. प्रत्येक पाय मुद्दाम उचलून ठेवावा लागतो, सांधा पूर्ण दुमडतो आणि पाय कुठे आहे याचं भान परत येतं. पंजा घासत चालणाऱ्या कुत्र्याला याचा फार उपयोग होतो. दोन आठवड्यांनी दांडे पुस्तकांवर ठेवून चार-पाच सेंटिमीटर उचला, पण पुढच्या मनगटापेक्षा वर नेऊ नका. तो उड्या मारायला लागला तर दांडे खूप उंच आहेत किंवा तुम्ही खूप वेगात आहात.

*आठचा आकडा.* दोन कुंड्या दीड-दोन मीटरवर ठेवा आणि त्यांच्याभोवती आठ काढत चालवा. वळताना आतल्या पायावर भार येतो. आधी मोठी वळणं, मग लहान. मागे चालणं शिकवायचं असेल तर सोफा आणि भिंत यांमधला बोळ वापरा, तिथे त्याला वळता येत नाही. दोन-तीन पावलं पुरतात.

एकूण वेळ दहा मिनिटांच्या आत ठेवा. शेवटच्या दोन वेळा पहिल्यासारख्या नीट होत नसतील तर तिथेच थांबा. थकलेला स्नायू चुकीची सवय शिकतो.

पाणी

मोठ्या शहरांतल्या काही केंद्रांत पाण्याखालची ट्रेडमिल असते. काचेच्या टाकीत पट्टा फिरतो आणि पाण्याची उंची बदलता येते. पाणी खुब्यापर्यंत असेल तर पायांवर शरीराच्या वजनाच्या ३८ टक्केच भार येतो. गुडघ्यापर्यंत असेल तर ८५ टक्के. म्हणजे भार कमी, आणि पाण्याला कापत चालल्याने स्नायूंना काम जास्त. खूप जाड किंवा खूप दुखणाऱ्या कुत्र्यासाठी, ज्याला जमिनीवर पाच मिनिटंही जमत नाहीत, त्याच्यासाठी हा खर्च करण्यासारखा आहे असं मला वाटतं. जवळ केंद्र नसेल तर हळहळू नका, जमिनीवरचं सावकाश चालणं पुष्कळ काम करतं.

पोहणं म्हणजे हाच व्यायाम नव्हे. पोहताना पुढचे पाय जोरात वल्हवतात, म्हणून कोपराच्या कुत्र्याला ते त्रासाचं ठरू शकतं. खुब्याच्या कुत्र्याला चालतं, पण पहिल्या दिवशी दोन-तीन मिनिटंच, लाइफ जॅकेट घालून, कोमट पाण्यात, आणि आत-बाहेर व्हायला घसरत नसलेला उतार हवा. पावसाळ्यात नदी, डबकी, साचलेलं पाणी यांत नेऊ नका. लेप्टोचा, म्हणजे अशा पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या जिवाणूंच्या आजाराचा, धोका असतो. हृदयाचा आजार, उघडी जखम, कातडीचा संसर्ग, जुलाब असताना पाणी बंद.

पावसात काय करायचं

जून ते सप्टेंबर बाहेरचं चालणं हमखास तुटतं. आमच्या घरात पॅसेज ९ पावलांचा आहे. त्यात मॅट टाकून फेऱ्या मारतो, दर दोन तासांनी तीन मिनिटं, आणि दांड्यांचा व्यायाम हॉलमध्ये. ओला होऊन आला तर आधी नीट पुसा, मग शेक. या दिवसांत आखडणं जास्त दिसतं, म्हणून वाढवायचं मागे ठेवून आहे ते टिकवा.

हे अजिबात नको

चेंडू फेकणं. मला माहीत आहे, त्याला तेच सगळ्यात आवडतं. पण सुसाट धावणं, एकदम थांबणं, गर्रकन वळणं हे सगळं एका चेंडूत असतं. चेंडू लपवून शोधायला लावा, जमिनीवरून हळू घरंगळत द्या. स्कूटर किंवा सायकलला बांधून पळवणं तर कोणत्याच कुत्र्याला नको. गाडीतून उडी मारू देऊ नका, फळी लावा किंवा उचलून घ्या. मागच्या दोन पायांवर उभं करून "नमस्ते" करायला लावू नका.

एखादा पाय अचानक टेकेनासा झाला, पंजा उलटा घासत चालायला लागला, मागचे पाय ओढायला लागला, लघवीवरचा ताबा गेला, ताप आला किंवा एकदम दोन-तीन सांधे सुजले, तर व्यायाम थांबवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.

सहा ते आठ आठवड्यांनी

वही, जुने-नवे व्हिडिओ आणि मांडीची मापं घेऊन डॉक्टरांकडे जा. घेर अर्धा-एक सेंटिमीटर वाढला असेल तर आनंद माना. म्हाताऱ्या कुत्र्यात तो घसरला नाही तरी मेहनत लागू पडली आहे. औषधाचा डोस कमी करता येईल का हे डॉक्टरच ठरवतील, बरं वाटतंय म्हणून स्वतः गोळी बंद करू नका.

आणि एक दिवस असा येईल की आकडे पुढे जायचे थांबतील. तेव्हा जुना मोठा टॉवेल घ्या, लांबट घडी करा, त्याच्या पोटाखालून, मागच्या पायांच्या अगदी पुढून घाला आणि दोन्ही टोकं पाठीवर एकत्र धरा. नर कुत्र्याच्या बाबतीत लघवीची जागा दबणार नाही असं थोडं पुढे किंवा मागे सरकवा. तुम्ही फक्त घसरण्यापुरता आधार द्यायचा, पावलं त्यालाच टाकू द्यायची. बंडूचा टॉवेल हल्ली दाराच्या खुंटीवर दोरीशेजारी असतो. तो खाली काढला की त्याला कळतं बाहेर जायचंय, आणि तो उठायला लागतो.